चरवीच्या बुडावरचा सेंटिस

८ एप्रिल १८९४

ही वही गाईंची आहे. बावीस वर्षांत हिच्यात दुसरं काही लिहिलेलं नाही. एकेका गवळ्याचं एकेक पान आणि पानावर त्याच्या गाई. "ब्लूम: कपाळावर चांद, डाव्या पुठ्ठ्यावर बशीएवढा पांढरा डाग. गेम्स: काळी, शेपटीचा गोंडा पांढरा, उजवं शिंग आत वळलेलं." उन्हाळ्याच्या तोंडाशी गाई वरच्या कुरणांत जायला निघतात तेव्हा गवळी खांद्यावर लाकडी चरवी घेऊन पुढे चालतो, आणि त्या चरवीचं बूड मी रंगवलेलं असतं. बुडावर आधी शेळ्या, मग घंटावाल्या तीन गाई, मग गवळी, मग बाकीचा कळप, आणि सगळ्यांच्या मागे आमचा सेंटिस डोंगर. या खोऱ्यातली एकही चरवी रेमिगी मान्सरच्या, म्हणजे माझ्या, हाताखालून गेल्याशिवाय डोंगर चढत नाही.

आज वही उलटी करून मागच्या पानावर लिहितोय, कारण जे लिहायचंय ते पाद्रीबुवांनाही सांगण्यासारखं नाही. बायकोने वरची खोली भाड्याने दिली. कुणाला, तर चित्रकाराला.

"ओटिलिया," मी म्हटलं, "पाववाल्याच्याच घरात दुसरा पाववाला आणून बसवतेस?"

ती भरतकामावरून मान वर न करता म्हणाली, "तू चरव्या रंगवतोस, ते डोंगर रंगवतात. यात भांडण कुठे आलं?"

भांडण तिथेच आलं. पण तिला सांगून काय उपयोग.

त्याचं नाव व्हालेंटिन लीनहार्ट. बाझेलचा, म्यूनिकला शिकलेला, दाढी कातरलेली. सेंटिसचं मोठं चित्र काढायला आलाय, शरद ऋतूत झुरिचच्या प्रदर्शनात लावणार म्हणे. बुटाला चिखल लागला की पुसतो. आमच्या गावात चिखल पुसणारा माणूस आयुष्यभर पुसतच बसेल.

१६ एप्रिल

आठ दिवस झाले, साहेबांचा बर्फ अजून रंगवून संपला नाही. सकाळचा बर्फ वेगळा, दुपारचा वेगळा म्हणे. एवढ्या वेळात मी तीन गाई आणि एक बैल उरकला असता, वर शेळ्या फुकट.

आज आलोइस डोरिग आला. चाळीस गाईंचा धनी, खोऱ्यात त्याच्या शब्दाला वजन. यंदा त्याने नवी चरवी करवून घेतलीय आणि तिचं बूड माझ्याकडे आहे. माझ्याशी बोलता बोलता तो वर गेला आणि बराच वेळ खाली आलाच नाही. मी जिन्यात उभा राहून ऐकलं.

"साहेब, हे बघून मानेला गार वारा लागला," डोरिग म्हणत होता. खाली आल्यावर मला म्हणतो, "रेमी, लेका, इतकी वर्षं तू आम्हाला उपडं ठेवलेलं नरसाळं दाखवत आलास की. सेंटिस तो आहे वरती."

मी हसलो. हसण्यावाचून दुसरं काय करणार.

मग पाईप पेटवून शांतपणे म्हणाला, "असं करू. गाई तू काढ, डोंगर साहेबांकडून काढून घेऊ. अर्धं अर्धं."

बावीस वर्षांत मला असं कुणी बोललं नव्हतं. एकदा हे असं झालं की पुढच्या वर्षी सगळेच मागतील: रेमीच्या गाई आणि साहेबाचा डोंगर. आणि त्याच्या पुढच्या वर्षी गाईंसाठीही कुणीतरी शिकलेला येईल. मी म्हटलं, "दोन्ही मीच काढीन. साहेबाच्या तोडीचा डोंगर काढला नाही तर पुन्हा तुझ्या दारात पाऊल ठेवणार नाही."

"बघ बरं," डोरिग म्हणाला. "दोन जूनला चढायचंय."

मी असं का बोलून बसलो कुणास ठाऊक. जीभ माझी, पण बोलला तो माझा जळफळाट.

२२ एप्रिल

लीनहार्ट जेवताना फार गोड बोलतो. आज मॅकरोनीत चीज ढवळत म्हणतो, "मास्तर, एक विचारू? माझ्या चित्रात गाय काढली की ती उभी राहते. तुमच्या चालतात. कसं करता?"

मला मास्तर म्हणतो. वेडावतोय हे न कळायला मी दूधखुळा नाही.

"हात बसलाय," मी म्हटलं आणि उठलो. मग कामाच्या खोलीत जाऊन दोरीवर टांगलेले सगळे कागदी खाके काढून पेटीत टाकले. आमच्या धंद्याची खुबी तीच आहे. गाईचा एकच खाका कापायचा. उताणा ठेवला की गाय डावीकडे चालते, पालथा ठेवला की उजवीकडे. कडेकडेने टोचे मारायचे, वरून कोळशाची पुरचुंडी आपटायची, रेघ उमटते. मग प्रत्येकीचे डाग वहीत बघून भरायचे. खरं तर मला वहीही लागत नाही. डोरिगच्या चाळीस गाई मी डोळे मिटून सांगेन, कुणाच्या कुठल्या कुशीवर काय आहे ते. हे म्यूनिकला शिकवत नाहीत.

ओटिलियाने विचारलं, "साहेबांना सांगितलं असतंस तर काय झालं असतं?"

"तूच सांग ना. तुझं बरं जमतं त्यांच्याशी."

ती काही बोलली नाही. बोलली नाही म्हणजे खरं असणार.

२९ एप्रिल

आज वर्षाची सभा. रिवाजाप्रमाणे कमरेला तलवार लावून चौकात उभा राहिलो, मत द्यायला हात वर केला, खाली केला. कशासाठी वर केला ते आठवत नाही. सगळा वेळ डोक्यात एकच, घरी ती दोघंच आहेत.

तलवार लावूनच घरी आलो. ओटिलिया नेहमीच्या खिडकीत भरतकाम करत होती आणि लीनहार्ट तिच्या शेजारी बाकावर, मांडीवर कागद, हातात कोळसा. मला बघताच त्याने कागद पालथा घातला. ओटिलिया लाल झाली. एकोणीस वर्षं झाली लग्नाला, ती लाल झालेली मी शेवटची कधी पाहिली ते आठवत नाही.

"काय काढत होतात?" मी विचारलं.

"असंच, हाताला सवय राहावी म्हणून," तो म्हणाला.

"तलवार काढ की आता," ओटिलिया म्हणाली. "जेवायला बसायचंय."

तिच्या डाव्या गालावर तीळ आहे. तोही काढला असेल त्याने. बर्फाचे सतरा रंग बघणाऱ्याच्या नजरेतून तीळ कसा सुटेल. मी कधी तिचं चित्र काढलं नाही हे खरं, पण बायकोचं चित्र कोण काढतं? चरवीवर बायका नसतात.

६ मे

सहा रुमाल. बारीक कापड, कडेला पांढरी वेल, आणि कोपऱ्यात गुंफलेली व्ही आणि एल. ओटिलियाने घाईघाईने टोपलीत सारले, पण माझी नजर डाग शोधण्यात मुरलेली आहे.

"हे कुणासाठी?"

"साहेबांचं काम आहे."

"ते पैसे देणार?"

"कामाच्या बदल्यात काम," ती म्हणाली आणि दोरा दाताने तोडला.

असलं कसलं काम? मी विचारलं नाही. उत्तर ऐकायची हिंमत नव्हती हे इथे लिहायला हरकत नाही, ही वही कोण वाचणार आहे. माझ्या सदऱ्यावर तिने आजवर एक अक्षर काढलेलं नाही. मी म्हटलं तर म्हणेल, तू कधी मागितलंस? अंगाचा तिळपापड होतोय.

११ मे

पाच बुडं रंगवून पुसली. डोंगर काढायला बसलो की हात आपोआप नरसाळं काढतो. इतकी वर्षं मला तो नरसाळं वाटला नव्हता. हे डोरिगने करून ठेवलं, आणि डोरिगकडून त्या कातरदाढीने करवून घेतलं.

आज नको ते काम केलं. पाद्रीबुवांना सांगायचं तर हेच सांगावं लागेल.

लीनहार्ट झेआल्पझेच्या तळ्यावर गेला होता, ओटिलिया बाजारात. त्याच्या खोलीत मोठ्या चित्राच्या शेजारी सेंटिसचाच एक लहान नमुना आहे, इथूनच, आमच्या कुंपणापासून काढलेला. बरोबर चरवीच्या बुडाएवढा. रंग अजून ओला. मी तेल लावलेला पातळ कागद त्याच्यावर धरला आणि बोथट सुईने रेघ उतरवली, पहिल्या कड्यापासून शेवटच्या घळीपर्यंत. घाई होती. दोन ठिकाणी सुई रंगात रुतली. खालचं दार वाजलं तसा कागद सदऱ्यात कोंबून जिना उतरलो.

ओटिलिया होती. "ताप आलाय का तुला?" तिने कपाळाला हात लावून बघितलं. मी तोंड फिरवलं.

१५ मे

कामाच्या खोलीची खिडकी लावून घेतली, लाकडी झडपा आतून अडकवल्या. तो दिवसभर बाहेर कुरणात छत्रीखाली बसतो, त्याला कळता कामा नये. दिव्यावर काम करतो.

खाका लावला, कोळसा मारला. रेघ बघतच राहिलो, इतकी वेगळी. बावीस वर्षं हा डोंगर काढतोय आणि असा कधी दिसला नाही. सेंटिस या अंगाला, आल्टमान शिखर त्या अंगाला, सगळं काही परक्यासारखं आणि तरी खरं. शिक्षण म्हणतात ते हेच असावं. माझ्या पोटात दुखलं, पण एका बाजूने अभिमानही वाटला, कारण रंग भरणार मी.

२१ मे

ओटिलिया कॉफी घेऊन आली आणि माझ्या खांद्यावरून बघत उभी राहिली. मी वाट बघत होतो, काहीतरी बोलेल.

"रेमी, एकदा खिडकी उघडून बाहेर बघ."

"कशाला? तुझे साहेब छत्रीखाली कसे शोभतात ते बघायला?"

"डोंगराकडे बघ म्हणतेय मी."

"डोंगर मला पाठ आहे."

ती कॉफी ठेवून गेली. तिला वाटतं मी त्याच्यासारखं बघून काढावं. तिच्या तोंडी त्याचेच शब्द येऊ लागलेत.

२४ मे

आज पुन्हा. माझं तीन वर्षांपूर्वीचं, कोलर गवळ्याकडचं जुनं बूड ओटिलियाने मागून आणलं आणि न बोलता नव्या बुडाशेजारी ठेवलं. नरसाळं आणि सेंटिस, शेजारी शेजारी. मला हिणवायचं असेल तर तोंडाने हिणवावं.

"कळलं," मी म्हटलं. "आधी किती वाईट काढत होतो ते कळलं. अजून काही?"

"तसं नाही रे. तो आल्टमान बघ की..."

"तुला चित्रातलं काय कळतं? रुमाल भर जा."

तिचा चेहरा उतरला. "तुला सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी," असं म्हणून गेली ती रात्रीच्या जेवणापर्यंत बोलली नाही. जेवणानंतरही नाही. लीनहार्टशी मात्र मीठ द्या, पाव घ्या, चाललं होतं.

२८ मे

झालं. गाई चाळीस, त्यात लीझी घंटावाल्यांत पहिली, गळ्याखाली पांढरी पट्टी, डाव्या डोळ्याभोवती काळं वर्तुळ. कुत्रा, बैल, शेळ्या, सगळं जागच्या जागी. आणि मागे असा डोंगर की बघणाऱ्याच्या मानेलाच काय, पाठीलाही वारा लागेल. हेर्शे सुताराने फडक्याने झाकलेलं बूड चरवीला बसवलं. चढायच्या सकाळपर्यंत फडकं काढायचं नाही असा इथला रिवाज आहे. काढलं की गाईंना नजर लागते म्हणतात.

ओटिलिया म्हणाली, "फडकं काढून हेर्शेला एकदा दाखव. अजून वेळ आहे."

"रिवाज मोडू? तुझे साहेब म्हणाले का तसं?"

"बरं," ती म्हणाली. एवढंच. बरं.

२ जून

लिहायला हात धजत नाही, तरी लिहितो.

पहाटे उजाडताना डोरिग निघाला. पिवळी विजार, डाव्या खांद्यावर चरवी, बूड मागच्या बाजूला. मी पुलाजवळ उभा होतो, नवा सदरा घालून. सगळं गाव होतं. लीनहार्टही होता, ओटिलियापासून दोन हातांवर. शेळ्या गेल्या, घंटा गेल्या, डोरिग पुढे गेला तशी फडकं काढलेली चरवी आम्हा सगळ्यांना दिसली. आणि तिच्याच पुढे, रस्त्याच्या टोकाला, उन्हात धुतलेला खरा सेंटिस.

पाळण्यातलं पोर सांगेल: आमच्याकडून बघितलं की डावीकडे आल्टमान, उजवीकडे सेंटिस. चरवीवर सेंटिस डावीकडे होता. आल्टमान उजवीकडे. सगळा डोंगर आरशात बघावा तसा फिरलेला.

तेल लावलेला कागद. दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो. सदऱ्यात कोंबला, बाहेर काढला आणि पालथा ठेवला. गाय पालथी ठेवली तरी गाय राहते. डोंगर नाही राहत.

लोकांनी चरवीकडे बघितलं, डोंगराकडे बघितलं. मग हेर्शे म्हणाला, "रेमी, सेंटिस पाठ फिरवून कुठे निघाला?" कोलर म्हणाला, "आपल्या कॅथलिकांचा डोंगर पलीकडच्या प्रोटेस्टंटांना विकला असेल, डोरिग जाताना पोहोचवतोय." मग पुलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हसू पसरलं. बायका तोंडावर हात न धरता, उघड तोंडाने हसल्या. डोरिग बिचारा ताठ मानेने गात चालला होता, त्याच्या पाठीमागे काय चाललंय त्याला पत्ता नाही.

लीनहार्ट हसला नाही. तो हसला असता तर मी त्याला पुलावरून ढकललं असतं, म्हणजे तेवढं तरी समाधान मिळालं असतं.

घरी येऊन ओटिलियाला म्हटलं, "तुला दिसलं होतं."

"पहिल्याच दिवशी. मी दिवसभर त्या खिडकीत बसते, रेमी. तुला तीनदा सांगायला आले. तिसऱ्यांदा तू साहेबांचं नाव काढलंस, मग माझंही डोकं फिरलं. म्हटलं जाऊ दे, पडू दे तोंडावर." मग म्हणाली, "सकाळी पुलावर मात्र वाटलं, बोलायला हवं होतं."

मी नवा सदरा काढून खुंटीला लावला.

३ जून

दिवसभर घराबाहेर पडलो नाही. संध्याकाळी लीनहार्ट खाली आला. हातात तो लहान नमुना. दोन ओरखडे मी लांबूनच ओळखले.

"मास्तर, हा आता माझ्या कामाचा नाही," तो म्हणाला. "ओला असताना माझीच बाही घासली. खरवडून पुन्हा वापरतो फळी." आणि माझ्यादेखत सुरीने सगळा डोंगर खरवडून टाकला.

त्याला माहीत आहे. मला माहीत आहे की त्याला माहीत आहे. आरडाओरडा केला असता, पोलिसात गेला असता, तर मी दोन शब्द सुनावले असते. असला चांगुलपणा कुणी मागितला होता? चित्र माझ्यापेक्षा चांगलं काढतो ते काढतो, माणूसही माझ्यापेक्षा चांगला निघाला. एकात तरी मला पुढे राहू द्यायचं.

तरी जाता जाता थांबला. "तो कळप मात्र... डोंगर उलटा असूनही पहिल्यांदा माझं लक्ष गाईंकडेच गेलं. त्या चालत होत्या."

मी उठलो, पेटी उघडली आणि गाईचा एक खाका त्याच्या हातात दिला. का दिला माहीत नाही. "पुढचा पाय आधी भरायचा," मी म्हटलं. "चारही खुरं जमिनीला टेकवायची नाहीत. बस, एवढंच आहे."

९ जून

गेला. दहाच्या गाडीने. मोठं चित्र गुंडाळून हमालाच्या डोक्यावर. सहाही रुमाल ओटिलियाने माझ्यासमोर त्याच्या हातात ठेवले. त्याने वाकून आभार मानले आणि मला म्हणाला, "रुमालांच्या बदल्यातलं काम मी वरच्या खोलीत ठेवलंय. बाईंनी सांगितलं तसंच केलंय."

घरी येऊन वर गेलो. भिंतीला टेकवून ठेवलेला एक कागद, कोळशाने काढलेला. मनाची तयारी करून गेलो होतो: ओटिलिया असेल, खिडकीत, केस मोकळे, काय काय.

मी होतो. खाली वाकलेला, नाकाच्या शेंड्यावर चष्मा, हातात कुंचला, मांडीवर चरवीचं बूड, शेजारी ही वही. डोक्यावर दोरीला गाई टांगलेल्या, मी पेटीत टाकण्याआधी होत्या तशा. खिडकीच्या बाकावर बसलं की दारातून माझं टेबल सरळ दिसतं, हे मला कधी सुचलंच नव्हतं.

ओटिलिया मागे येऊन उभी राहिली. "फोटोवाल्यापुढे तू बसत नाहीस. सगळ्या गावाच्या गाई या घरात आहेत, तुझा चेहरा मात्र कुठेच नाही. म्हणून म्हटलं, काढून द्या, रुमाल भरून देते. तुला तुझ्या वाढदिवसाला दाखवणार होते. तू सभेला गेलास म्हणून तुझं टेबल काढून घेत होते, तर तू तलवार घेऊन उभा राहिलास."

"कान मोठे काढलेत," मी म्हटलं.

"तेवढेच आहेत."

 तिच्यासाठी त्याने ते काढलं याचाही थोडा राग येत होता, हे लिहून ठेवतो. आणि स्वतःची लाजही वाटत होती.

२६ जुलै

नवं बूड रंगवून डोरिगच्या कुरणात चढून गेलो. खिडकी उघडी ठेवून, बघून काढलं. नरसाळं नाही, लीनहार्टचाही नाही, जरा वाकडाच झालाय पण डाव्याला डावं आणि उजव्याला उजवं आहे. वाटेत तीन जणांनी विचारलं, सेंटिस परत आला का. हो म्हटलं.

डोरिग चिजाच्या कढईशी होता. चरवी भिंतीवर टांगलेली, बूड बाहेर. मी नवं पुढे केलं.

"पुढच्या वर्षी लाव," तो म्हणाला. "हे असू दे."

"अरे, उलटं आहे ते. गाव हसलं."

"हसू दे. समोर माझा दाढीचा आरसा आहे, त्यात बरोबर दिसतं." मग कढई ढवळायची थांबवून तो चरवीजवळ गेला आणि पहिल्या गाईवर अंगठा ठेवला. "लीझी गेली गेल्या आठवड्यात. कड्यावरून पडून. डोळ्याभोवतीचं वर्तुळ तू अगदी जिथल्या तिथे काढलंयस, रेमी. साहेबांना कुठे जमणार हे. डोंगर काय, दार उघडलं की आहेच समोर."

त्याने मला ताक दिलं. मी भांडं तोंडाला लावून धरलं. या गावात साहेब येईपर्यंत डोंगराबद्दल कुणी ब्र काढला नव्हता, आणि मी त्याच डोंगरापायी दोन महिने बायकोचा जीव खाल्ला.

२९ जुलै

आज रविवार. ओटिलिया खिडकीत, मी टेबलाशी, तिच्याकडे पाठ करून. मनात आलं, तिने माझा चेहरा करून घेतला, आपणही तिचा काढावा. एक कोरं बूड होतं. खाका नाही, वही नाही. बायको आहे, पाठच असणार.

तासाभरात झालं. माणसाचा चेहरा समोरून मी आयुष्यात पहिल्यांदा काढला. केस, भुवया, जरा जाड झालेली हनुवटी, डाव्या गालावर तीळ. बरा साधला असं वाटलं. तिला हाक मारली.

हात पुसत आली. बूड उजेडात धरून पाहत राहिली. "नाक माझं आहे," ती म्हणाली.

"आणि बाकीचं?"

तिने खुर्ची ओढली आणि माझ्यासमोर बसली, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ. "आता बघ."

मी बघितलं. तीळ दुसऱ्या बाजूला होता. मला वाटलं पुन्हा काहीतरी आरशासारखं होतंय, म्हणून बोट लावून पाहिलं. तिचाच उजवा गाल.

"तो तिथेच असतो," ती म्हणाली. "काल आलेला नाही."

मी ही वही उलटी करून मागची पानं चाळली. एकोणतीस एप्रिल. डाव्या गालावर, असं माझ्याच अक्षरात लिहिलंय, आणि वर त्या लीनहार्टच्या नजरेवर जळलोय. त्याला पहिल्याच दिवशी दिसला असेल. त्याचा मत्सर अजून वाटतो, आणि आता तो योग्य कारणासाठी वाटतो.

ती उठू लागली. मी म्हटलं, बस जरा. वही सुलटी केली, डोरिगच्या पानानंतर एक कोरं पान होतं, ते घेतलं. बघून बघून लिहिलं:

ओटिलिया: केस तपकिरी, कानाशी पांढरे. डावी भुवई मध्ये तुटलेली. वरच्या ओठावर सुईची जुनी खूण. तीळ उजव्या गालावर.